पोच मिळाली

दातारांच्या घरात फॉर्म भरायचा मान पुरुषोत्तम दातारांचा. टॅक्सचा असो, मुलीच्या कॉलेजचा असो, नाहीतर साध्या लायब्ररीच्या कार्डाचा असो, रात्रीच्या जेवणाआधी ते टेबल पुसून घ्यायचे, काळं बॉलपेन आणि पट्टी घेऊन बसायचे आणि ठळक कॅपिटल अक्षरांत एकेक रकाना भरायचे. बायकोने जिथे सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवायचे. शिकागोतल्या बावीस वर्षांत नीलाबाईंनी फुली सोडून कुठे सही केली नव्हती आणि फुलीच्या वर काय लिहिलंय हेही कधी विचारलं नव्हतं. पुरुषोत्तमांना याचं मोठं कौतुक. मित्रमंडळींत ते सांगायचे, "आमच्याकडे पेपरवर्कवरून भांडण म्हणून नाही."

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये या टेबलावर अमेरिकन नागरिकत्वाचा फॉर्म आला. पुरुषोत्तम स्वतः नऊ वर्षांपूर्वीच नागरिक झाले होते. नीलाबाई मात्र अडून बसल्या होत्या. सांगलीला त्यांचे वडील होते, अण्णा, म्हणजे त्र्यंबक आठल्ये, हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांना वाईट वाटेल म्हणून आपला भारताचा पासपोर्ट त्या सोडत नव्हत्या. आदल्या दिवाळीत अण्णा गेले. हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी पोळ्या लाटताना नीलाबाई म्हणाल्या, "भरा तो फॉर्म." आणि पोळी तव्यावर टाकून म्हणाल्या, "त्यात नाव बदलायचंय का असा एक रकाना असतो म्हणे. तो भरायच्या आधी मला विचारा."

पुरुषोत्तमांनी ते स्वच्छ ऐकलं होतं. तरी तो रकाना आला तेव्हा त्यांनी विचारलं नाही. नीलाबाई शेजारच्याच खोलीत इस्त्री करत होत्या. दहा पावलांवर. त्यांनी रकान्यात 'नो' लिहिलं, शेवटच्या पानावर फुली मारली आणि हाक मारली. नीलाबाईंनी येऊन फुलीवर सही केली. 'नो' लिहिताना आपला हात आपोआप गेला, असं पुरुषोत्तम नंतर स्वतःला सांगत राहिले. हात काही आपोआप जात नसतो, हे पन्नाशीच्या माणसाला कळायला हवं.

जूनमध्ये मुलाखतीचं पत्र आलं. गुरुवारी सकाळी दहाला. मुलाखतीच्याच आठवड्यात, मंगळवारी, नीलाबाई आपला चष्मा घरी विसरल्या, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

गेली सहा वर्षं नीलाबाई आठवड्यातून दोन दिवस गावातल्या एका म्युझियममध्ये शाळेच्या मुलांना इजिप्तचं दालन दाखवायच्या. पगार नाही, छातीवर नावाचा बिल्ला तेवढा. "मॉमची हॉबी," असं मुलगी प्रतिमा म्हणायची. पुरुषोत्तम "टाइमपास" म्हणायचे. त्या टाइमपाससाठी नीलाबाई शनिवारी क्लासला जाऊन प्राचीन इजिप्तची लिपी शिकल्या, स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चित्रलिपीचे कागद चिकटवले, हे त्यांनी पाहिलं होतं. कपाट उघडलं की साखरेच्या डब्यामागे घुबडं आणि साप दिसायचे. पण दालनात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या मंगळवारी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी टाकली होती, म्हणून चष्मा पोचवायला गेले.

नीलाबाई एका उंच दगडी मूर्तीसमोर उभ्या होत्या. चौथीपाचवीची वीसेक मुलं जमिनीवर मांडी घालून बसलेली. पुरुषोत्तम काचेच्या एका मोठ्या कपाटाआड थांबले. बोलणं मोडावं कशाला, संपलं की देऊ.

"या देवीला तुम्ही काय म्हणता?" नीलाबाईंनी विचारलं.

"आयसिस!" मुलं ओरडली.

"हे तिचं घरचं नाव नाही. ते ग्रीक लोकांनी केलेलं. तिच्या डोक्यावर काय आहे बघा. खुर्ची. राजाचं सिंहासन. हेच तिच्या नावातलं पहिलं अक्षर. त्याखाली ही पावाची अर्धगोल भाकरी, तो 'त'. तिच्या गावचे लोक तिला आसेत म्हणत असावेत, नाहीतर इसेत. ते लोक स्वर लिहीत नसत, त्यामुळे तिची आई तिला नेमकी कशी हाक मारायची हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पुढे लोकांच्या तोंडून शेवटचा 'त' गळला आणि एसे राहिलं. मग ग्रीक आले. त्यांच्या जिभेला ते नाव जमेना, म्हणून आपल्या सोयीचं शेपूट लावून त्यांनी इसिस केलं. आणि जगभर तेच चाललं."

"मग खरं नाव संपलं?" पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

"संपलं नाही, लपून राहिलं. डेव्हन ॲव्हेन्यूवर माझे बूट शिवणारे एक आजोबा आहेत. त्यांचं नाव इझिडोर. म्हणजे काय ठाऊक आहे? इसिसने दिलेला. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, माझी आई रोज देवाची प्रार्थना म्हणणारी बाई, तिला हे सांगू नका." मुलं हसली. "अशी कितीतरी माणसं तिचं नाव अंगावर घेऊन हिंडतात आणि त्यांना पत्ताही नसतो."

वेण्यांची मुलगी काही पिच्छा सोडेना. "पण नाव बदलताना तिला कोणी विचारलं का? तिला राग नाही आला?"

नीलाबाईंनी मूर्तीकडे पाहिलं. "विचारलं नाही कोणी. आणि राग... हिची एक जुनी गोष्ट आहे. सूर्यदेवाचं गुपित नाव हिने युक्तीने त्याच्याकडूनच काढून घेतलं होतं, कारण नाव ज्याच्या हातात त्याची सत्ता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा आपलं नाव गेलं हे तिला कळलंच असणार. पण तिच्या देवळातले म्हातारे पुजारी शेवटपर्यंत भिंतीवर तिचं जुनं नावच कोरत राहिले. बाहेर सगळं गाव ग्रीक बोलत होतं तरी. मग तेही गेले. शेवटचा पुजारी गेला, त्या दिवसापासून तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही."

इथे त्यांचा आवाज जरा चिरकला. मुलांना कळलं नाही. कपाटाआडच्या माणसाला कळलं. चष्मा त्यांनी दारावरच्या रखवालदाराजवळ ठेवला आणि ते बाहेर पडले.

किल्ली न फिरवताच ते गाडीत बसून राहिले. समोर त्यांना तांदळाचं ताट दिसत होतं.

एकोणीसशे त्रेसष्टचा मे महिना. तीन आठवड्यांची रजा काढून लग्नाला आलेला शिकागोचा इंजिनियर. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरून आणले आणि नवऱ्या मुलाच्या हातात अंगठी दिली, नवरीचं नवं नाव लिहायला. मुलीचं नाव मृणालिनी. संस्कृतात पहिली आलेली, बी.ए. झालेली. अण्णांनी ते नाव तिच्या जन्माआधी चार महिने ठरवून ठेवलं होतं म्हणे. पुरुषोत्तमांनी अंगठीने 'नीला' लिहिलं. कुठल्याशा मावशीने विचारलं, इतकं सुरेख नाव का बदललंस रे? ते म्हणाले, "तिकडे अमेरिकेत कुणाच्या तोंडात मृणालिनी बसणार? सोपं बरं." सगळ्या मांडवाने जावयाच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. अण्णा ताटाकडे वाकून बघत म्हणाले, "हेही नाव चांगलंच आहे." पण त्यांची पत्रं मरेपर्यंत 'चि. मृणालिनीस' अशीच येत राहिली.

एवढ्यावर भागलं असतं तर पुरुषोत्तम आज गाडीत असे बसले नसते. नाव काय, हजारो जणींची बदलली. खरं पाप पुढेच होतं, आणि ते घराच्या तळघरात, लोखंडी फाइल कॅबिनेटच्या सगळ्यात खालच्या खणात एकोणीस वर्षं पडून होतं.

सहासष्ट साली नीलाबाईंना इथल्या युनिव्हर्सिटीत प्राचीन भाषांचं एम.ए. करायचं होतं. पदवी मृणालिनी आठल्येची, पासपोर्ट नीला दातारचा. युनिव्हर्सिटीने सांगितलं, दोघी एकच आहात असं कोर्टाचं प्रतिज्ञापत्र आणा. अर्जाची मुदत एक मे. नीलाबाईंनी अण्णांना लिहिलं. अण्णा दम्याने आजारी असून दोनदा कोर्टात खेपा घालून आले आणि कागद रजिस्टर्ड, पोच पावतीसह पाठवला. दातारांचं घर तेव्हा नुकतंच बदललेलं, म्हणून पत्ता पुरुषोत्तमांच्या ऑफिसचा दिलेला होता. अकरा एप्रिलला त्यांनी सही करून पाकीट घेतलं. बॅगेत टाकलं. आणि घरी गेल्यावर बॅगेतून काढलं नाही.

नीलाबाईंना तेव्हा तिसरा महिना होता. प्रतिमा व्हायची होती. तिला झेपणार नाही, पुढच्या वर्षी बघू, असं त्यांनी ठरवलं. तिला न विचारता. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. बायको रोज लायब्ररीतून जाड पुस्तकं आणून त्यांना अनोळखी अशा गोष्टी उत्साहाने सांगायची, आणि त्यांना भीती वाटायची. ही एकदा त्या युनिव्हर्सिटीत शिरली की आपण सांगू ते ऐकणारी राहणार नाही, अशी साधी, खुजी भीती. मुदत टळली. नीलाबाईंनी अण्णांना विचारलं, अण्णांनी उत्तर पाठवलं: टपालात गहाळ झाले असावे, मनाला लावून घेऊ नकोस. वडिलांना पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायच्या नाहीत, म्हणून नीलाबाईंनी तो विषय कायमचा मिटवला.

पण रजिस्टर्ड पत्राची पोच पाठवणाऱ्याकडे परत जाते. घेणाऱ्याच्या सहीसकट. फॉर्मबहाद्दर पुरुषोत्तमांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मे महिन्यात त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर अण्णांचा एक एरोग्राम, परदेशी टपालाचं घडीचं पत्र, आला. तोही त्याच खणात होता.

संध्याकाळी ते तळघरात उतरले, खण उघडला आणि दोन्ही कागद वर आणले. जेवताना नीलाबाई म्हणाल्या, "चष्मा पोचवलात, थँक्यू हं. आत का नाही आलात?" ते म्हणाले, "घाईत होतो." शर्टाच्या आत कागद टोचत होते. अजूनही कागद परत खाली नेऊन ठेवता आले असते. नऊ वर्षांनी निवृत्त झालो की एखाद्या दिवशी शेगडीत घालता आले असते. नीलाबाईंना कधीही कळलं नसतं. जगात हे ठाऊक असलेला दुसरा माणूस दिवाळीतच गेला होता, आणि त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. या सुटकेचीच त्यांना शिसारी आली.

बुधवारी सकाळी चहाचा पहिला कप संपल्यावर त्यांनी पाकीट आणि एरोग्राम टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"तुझं आहे. मी ठेवून घेतलं होतं."

नीलाबाईंनी चष्मा लावला. कोर्टाचा शिक्का असलेला पिवळा पडलेला कागद त्यांनी उलगडला. मी, त्र्यंबक विष्णु आठल्ये, शिक्षक, राहणार सांगली, प्रतिज्ञापूर्वक सांगतो की माझी कन्या मृणालिनी आणि सौ. नीला पुरुषोत्तम दातार या एकच व्यक्ती आहेत. खाली अण्णांची सही. नीलाबाईंचं बोट त्या सहीवर फिरत राहिलं. मग त्यांनी पाकीट उलटं करून शिक्का वाचला.

"अकरा एप्रिल. मुदत एक मेची होती."

"हो."

"म्हणजे वीस दिवस होते."

"अगं, प्रतिमा व्हायची होती, मला वाटलं तुला..." ते थांबले. हे पाठ केलेलं बोलणं या टेबलावर चालणार नव्हतं. "नाही. मला भीती वाटली. तू पुढे जाशील याची."

नीलाबाईंनी प्रतिज्ञापत्र घडी करून बाजूला ठेवलं. त्यांनी एरोग्राम उघडला. अण्णांची पत्रं समासापर्यंत भरलेली असत, हवापाणी, पेरूचं झाड, शाकुंतलातला एखादा श्लोक, आणि शेवटी अनेक आशीर्वाद. या पत्रात जावयाला एक ओळ होती.

पोच मिळाली. कळावे.

आशीर्वाद नव्हते.

नीलाबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. पुरुषोत्तमांना वाटलं आता त्या रडतील, ओरडतील, कप फेकतील. तसं झालं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं.

"म्हणजे अण्णांना ठाऊक होतं," त्या हळू म्हणाल्या. "ठाऊक असून मला लिहिलं की टपालात गहाळ झालं. माझा संसार मोडू नये म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "वर्गात एखादं पोर खोटं बोललं तर अण्णा दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाहीत. आयुष्यात एकदा खोटं बोलले ते. तुमच्यासाठी. तुम्ही त्यांना बोलायला लावलंत."

ती एम.ए.चं बोलली असती तर पुरुषोत्तमांना माफी मागता आली असती. इथे माफी मागायची ती कोणाची?

नीलाबाई उठल्या, कप सिंकमध्ये ठेवून पाठमोऱ्याच म्हणाल्या, "फॉर्ममध्ये त्या रकान्यात काय लिहिलंत?"

"नो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दिवसभर त्यांच्यात आणखी काही बोलणं झालं नाही.

गुरुवारी सरकारी ऑफिसात छातीपर्यंत उंचीच्या पार्टिशनच्या खोल्या होत्या. नीलाबाई आत बसल्या, पुरुषोत्तम बाहेरच्या बाकावर. आतला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मुलाखत घेणारा अधिकारी साठीकडे झुकलेला, टक्कल पडलेला गृहस्थ. त्याने राज्यघटनेवरचे चार प्रश्न विचारले, नीलाबाईंनी उत्तरं दिली. मग तो फॉर्मवरून एकेक रकाना वाचत चालला.

"नाव बदलण्याची इच्छा नाही, असं लिहिलंय. बरोबर?"

"चूक आहे. मला माझं जन्माचं नाव परत हवं आहे."

बाहेर पुरुषोत्तमांनी मान खाली घातली.

"जरूर. शपथेच्या दिवशी न्यायाधीशांसमोर ते पक्कं होईल. इथे कॅपिटलमध्ये लिहा, मॅडम. आणि जिथे खोडलंय तिथे सही करा." पेनाचा आवाज आला. फुली नव्हती तरी सही जागेवर झाली असावी. "आता याचा उच्चार सांगा. मिरुना..."

"मृणालिनी."

"म्रिना... थांबा. परत सांगा. माझं आडनाव वोइचेहोव्स्की आहे. लोकांच्या नावांत मी घाई करत नाही."

"मृ. णा. लि. नी."

"म्रुणालिनी," तो म्हणाला. "म्रुणालिनी. बरोबर?"

"बरोबर."

"सुंदर नाव आहे. काही कठीण नाही."

पुरुषोत्तमांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. ज्या कारणासाठी त्यांनी ताटात अंगठी फिरवली होती, ते कारण इथे एका पोलिश म्हाताऱ्याने तिसऱ्या खेपेला निकालात काढलं.

परतताना डेव्हन ॲव्हेन्यू जवळ आल्यावर नीलाबाई म्हणाल्या, "कोथिंबीर घ्यायचीय. आणि बूट." गाडी उभी करायला जागा मिळाली ती बसथांब्याला लागून. त्या उतरायला लागल्या, तेव्हा पुरुषोत्तमांनी सगळा धीर एकवटला. बावीस वर्षांत त्यांनी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं.

"मृणालिनी," ते म्हणाले.

दाराच्या हँडलवरचा हात थांबला. त्या वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "आता सगळे मला त्या नावाने हाक मारतील. प्रतिमाला शिकवेन मी. म्युझियममध्ये बिल्ला बदलून मागेन. तुम्ही मात्र नीलाच म्हणा. ते तुम्ही ठेवलंय, ते तुम्हीच वापरा."

दार लागलं. त्या रस्ता ओलांडून इझिडोरच्या दुकानात शिरल्या. काचेतून म्हातारा दिसत होता. नीलाबाईंनी त्याला काही सांगितलं, तो हसला, त्याने कानामागे हात धरून पुन्हा विचारलं, आणि मग त्याचे ओठ सावकाश, चार वेळा हलले. त्याने आपला चामड्याने काळा झालेला हात पुढे केला आणि तिने तो हातात घेतला, नवी ओळख झाल्यासारखा.

तेवढ्यात मागून बस आली आणि भोंगा वाजवू लागली. गाडी हलवायलाच हवी होती. नीलाबाई बूट घेऊन फुटपाथवर आल्या आणि भाजीच्या दुकानाकडे निघाल्या. दुपारची गर्दी होती. पुरुषोत्तमांनी काच खाली केली. हाक मारायला तोंड उघडलं आणि ते नाव ओठांपर्यंत आलं. ते त्यांनी गिळलं.

"नीला!" ते ओरडले. "गाडी पुढे घेतोय!"

तिने लगेच वळून पाहिलं आणि मान हलवली.